टेक्नॉलॉजीच्या पानावर ओपन सोर्स आणि इंडी गेम्सना पण जागा द्या

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरातलं टेक्नॉलॉजीचं पान मी नेमाने वाचतो आणि त्याबद्दलच लिहितोय. त्यात ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा सोर्स कोड (मूळ प्रोग्रॅम) कुणालाही बघता, बदलता, वाटता येतो असं सॉफ्टवेअर, आणि इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र टीमने बनवलेले गेम्स, यांना पण जागा मिळावी असं मला वाटतं. कुठला नवीन फोन आला, कॅमेरा कसा आहे, कुठल्या कंपनीने एआय आणलं, कुठला मोठा गेम येतोय आणि त्याचे ग्राफिक्स किती भारी, हे सगळं त्यात असतं, पण पैसे भरून घेतलेली ही गोष्ट आपल्याकडे किती दिवस राहणार आणि ती बंद पाडायचा अधिकार कुणाच्या हातात आहे हे मात्र कधी वाचायला मिळत नाही. माझ्या मते घेणाऱ्याला सगळ्यात आधी हेच कळायला पाहिजे.

युबिसॉफ्टचा द क्रू नावाचा कार रेसिंगचा गेम २०१४ मध्ये आला होता. लोकांनी पूर्ण पैसे देऊन घेतला. एकट्याने खेळलात तरी तो कंपनीच्या सर्व्हरला जोडलेला असायचा, आणि ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले तेव्हा गेम सगळ्यांसाठीच संपला, डिस्क असो नाहीतर डाउनलोड असो, काही उपयोग नाही. त्यावरून रॉस स्कॉट नावाच्या युट्यूबरने स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम सुरू केली आणि युरोपात तिला १० लाखांच्या वर सह्या मिळाल्या. मागणी साधी आहे, सपोर्ट बंद करायचा तर करा पण विकलेला गेम चालू राहील अशा अवस्थेत सोडून जा. यात चूक काय आहे?

सॉफ्टवेअरचं पण हेच चाललंय. अ‍ॅडोबीने २०१३ पासून एकदाच विकत घ्यायची पद्धत मोडीत काढत नेली, आता महिन्याचे पैसे थांबले की प्रोग्रॅम थांबतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी कॉम्प्युटर एका तारखेला जुने ठरले. तेच मशीन विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ओपन सोर्स सिस्टिम टाकून आरामात चालतं, ब्राउझर, व्हिडिओ, ऑफिसचं काम सगळं होतं. एवढी साधी गोष्ट तुमच्या पानावर आली असती तर किती जणांचा नवीन लॅपटॉपचा खर्च वाचला असता!

ओपन सोर्स म्हटलं की लोकांना वाटतं फुकट म्हणजे कच्चं काहीतरी असणार. त्यांना ब्लेंडरची गोष्ट सांगावी. थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं हे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी २००२ मध्ये बंद पडली, तेव्हा ते मुळात बनवणाऱ्या टॉन रूसेन्डालने गुंतवणूकदारांकडून सोर्स कोड सोडवून घ्यायला लोकांकडे १ लाख युरो मागितले आणि ७ आठवड्यांत ते जमले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोड सगळ्यांसाठी खुला झाला. पुढे २०२४ मध्ये लॅटव्हियातल्या एका दिग्दर्शकाने छोट्या टीमबरोबर ब्लेंडरमध्ये फ्लो हा सिनेमा केला आणि त्याला २०२५ चं बेस्ट अ‍ॅनिमेटेड फीचरचं ऑस्कर मिळालं. कंपनी बुडाली तेव्हा सॉफ्टवेअर पण बुडालं असतं तर हे काहीच झालं नसतं.

गेम बनवणाऱ्यांना हा धडा २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मिळाला. जगातले असंख्य छोटे स्टुडिओ युनिटी नावाच्या इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, गेम बनवतात, आणि युनिटीने अचानक जाहीर केलं की पुढच्या जानेवारीपासून गेमची कमाई आणि इन्स्टॉल एका मर्यादेच्या वर गेले की प्रत्येक नवीन इन्स्टॉलमागे फी द्यावी लागेल, आणि हे आधीच बाजारात आलेल्या गेम्सना सुद्धा लागू. म्हणजे ज्याने वर्षानुवर्षं खपून गेम काढला त्याचा हिशोबच मागाहून बदलला. इतका गदारोळ झाला की काही दिवसांत अटी सौम्य केल्या, सीईओ गेले, वर्षभराने गेम्सपुरती ती फी रद्दच झाली. पण विश्वास गेला तो गेलाच. टेरारिया हा गेम बनवणाऱ्या री-लॉजिकने गेम बनवायच्या गोडो आणि एफएनए या दोन ओपन सोर्स प्रोजेक्टना प्रत्येकी १ लाख डॉलर दिले, आणि स्ले द स्पायर हा गेम बनवणाऱ्या मेगा क्रिटने त्याच्या पुढच्या भागाचं दोन वर्षांपेक्षा जास्तीचं काम युनिटीत झालेलं असताना सगळं उचलून गोडोवर नेलं. गोडो हे अर्जेंटिनात सुरू झालेलं इंजिन, २०१४ पासून एमआयटी लायसन्सखाली, म्हणजे कुणालाही फुकट वापरता, बदलता येईल अशा परवान्याखाली, खुलं आहे. उद्या त्यांची मंडळी काहीही म्हणोत, तुम्ही आज घेतलेली प्रत तुमच्या हातातून कुणी काढू शकत नाही आणि तिच्यावर मागाहून फी लावू शकत नाही.

इथे एक स्पष्ट करतो कारण लोक गल्लत करतात, इंडी गेम म्हणजे ओपन सोर्स गेम नाही. बरेचसे इंडी गेम्स विकतच असतात आणि त्यांचा कोड बंदच असतो. पण त्यातल्या बऱ्याच गेम्सना सर्व्हरची गरज नसते, आणि जीओजी किंवा इच डॉट आयओ या गेम विकणाऱ्या साइटवरून घेतलेले बहुतेक गेम्स आपण हार्ड डिस्कवर टाकून ठेवू शकतो, नेट नसलं तरी चालतात. इचवर तर आपल्या विक्रीतला किती हिस्सा साइटला द्यायचा हे बनवणारा स्वतः ठरवतो, स्टीम हे मोठं ऑनलाइन गेमचं दुकान साधारण ३० टक्के घेतं.

आणि गेम म्हणून ते काय ताकदीचे असतात! स्टारड्यू व्हॅली एरिक बॅरोन या एका माणसाने चार वर्षांहून जास्त खपून बनवला, कोड, चित्रं, संगीत सगळं एकट्याने, आणि २०१६ मध्ये गेम आल्यावर इतक्या वर्षांत मोठमोठे अपडेट दिले तरी त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. हॉलो नाइटची टीम जेमतेम तिघांची. बॅलाट्रो २०२४ मध्ये गाजला तो पण एकाच माणसाचा, आणि लव्ह नावाच्या गेम बनवायच्या ओपन सोर्स फ्रेमवर्कवर बनलेला.

मला स्वतःला सगळ्यात जास्त हलवून गेला तो लुकास पोपचा पेपर्स, प्लीज, २०१३ चा. त्यात तुम्ही एका हुकूमशाही देशाच्या सीमेवरचे कारकून असता, पासपोर्ट तपासायचे आणि शिक्का मारायचा, बस. दिवसाला जितकी माणसं तपासाल तितका पगार, आणि त्यातच घराचं भाडं, खाणं, ऊब, आजारी मुलाचं औषध बसवायचं. मग एक नवरा कागद बरोबर असल्यामुळे पुढे जातो आणि त्याच्या मागच्या बायकोकडे एक कागद कमी असतो. सोडलं तर तुमच्यावर ठपका, पुढे पुढे पगारातून दंड, नाही सोडलं तर तिची ताटातूट. शिक्का तुमच्या हातात असतो. कुठल्या मोठ्या कंपनीने शिक्के मारायच्या गेमवर पैसे लावले असते सांगा? शेकडो कोटी घातले की धोका पत्करता येत नाही, म्हणून मग त्याच त्याच गेमचे पुढचे पुढचे भाग येत राहतात.

अडचणी नाहीत असं मी म्हणणार नाही. वर्डच्या फाइलची मांडणी लिब्रे ऑफिस या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये कधी कधी विस्कटते. अँटी-चीट, म्हणजे खेळातली लबाडी पकडणारा प्रोग्रॅम, असलेले काही ऑनलाइन गेम्स लिनक्सवर चालतच नाहीत, जरी २०१८ मध्ये प्रोटॉन हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर आल्यापासून बाकीचे हजारो विंडोज गेम्स लिनक्सवर चालायला लागलेत. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे हे सांभाळणारे लोक फार थोडे असतात आणि दमलेले असतात. मार्च २०२४ मध्ये लिनक्समध्ये वापरल्या जाणाऱ्या, फाइल दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड नावाच्या छोट्याशा प्रोग्रॅममध्ये कुणीतरी चोरदरवाजा घातल्याचं उघड झालं, तो सांभाळणारा एकच स्वयंसेवक होता आणि मदतीच्या नावाखाली हळूहळू त्याचा विश्वास मिळवून हे केलं होतं. पकडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि तो मुळापर्यंत खोदत गेला. सगळा कोड उघडा होता म्हणून त्याला खोदता आलं. पण त्या एकट्या माणसाला आधी आधार मिळाला असता तर वेळच आली नसती, म्हणून वापरणाऱ्यांनी नुसतं वापरू नये, जमेल तशी देणगी द्यावी, बग नीट लिहून कळवावा, आपल्या भाषेत भाषांतर करून द्यावं.

तर विनंती अशी की महिन्यातून एकदा तरी एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं आणि एका इंडी गेमचं परीक्षण छापा. आणि दर परीक्षणाखाली, मग ते कुठल्याही मोठ्या कंपनीचं असो, चार ओळींची चौकट द्या, नेटशिवाय चालतं का, दर महिन्याला पैसे लागतात का, कंपनी बंद पडली तर चालू राहील का, आपल्या फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात का. सुरुवात क्रिटापासून करा, चित्रं काढायचं अतिशय सुंदर सॉफ्टवेअर आहे आणि त्यांच्या साइटवरून डाउनलोड करायला अकाउंटसुद्धा काढावं लागत नाही.

आपला,
एक नियमित वाचक