आठवणींतला घरखर्च कापू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ज्येष्ठ वाचकांच्या आठवणी नियमित छापल्या जातात, हा उपक्रम स्तुत्य आहे. मात्र अलीकडे त्या वाचताना एक गोष्ट खटकते. लिहिणारा गिरणी कामगार असो की शाळामास्तर, त्याचा लेख संयुक्त महाराष्ट्राचा लढा, पानशेतचा पूर, आणीबाणी अशा ठरलेल्या थांब्यांवर थांबत पुढे सरकतो आणि त्याची मिळकत किती होती, डोक्यावर कर्ज कोणाचे होते, बहिणीचे लग्न कशामुळे लांबले, हे कुठेच सापडत नाही.

याउलट ‘माझा प्रवास’ या आठवणी लिहिणारे, कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले, ते बंड पाहण्यासाठी नव्हे, तर ग्वाल्हेरच्या राजघराण्यातील बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल या आशेने. झाशीचा वेढा आणि नंतरची लूट त्यांनी आतून पाहिली, कारण पोटासाठी ते तिथे येऊन पडले होते. आणि जमवलेला पैसा लुटला गेला तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड त्यांनी घरी आणलीच. यातले कर्ज, दक्षिणा आणि कावड काढून टाकली, तर उरणारा वेढ्याचा बराच तपशील इंग्रजांच्या कागदपत्रांतही मिळेल. इतिहासकार चिं. वि. वैद्य यांच्या सांगण्यावरून १८८३ मध्ये लिहिलेला हा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला, पण वैद्यांनी त्यात फेरफार केले होते. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी काढली, ती १९६६ मध्ये. (संपादकांच्या कात्रीविषयी संपादकांनाच लिहीत आहे, क्षमा असावी.)

१९७२ च्या दुष्काळातल्या सरकारी कामांची माहिती कोणालाही देता येते. परंतु खडी फोडायला गेलेल्या बाईने तान्हे मूल कुठे निजवले, मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी घरात कोणाला पचत नव्हती, आणि पगार हाती पडल्यावर आधी कोणाची उधारी चुकवली, हे तिलाच ठाऊक असते.

तेव्हा विनंती अशी की, लेखकांच्या तारखा आपण अवश्य तपासाव्यात. पण जागा अपुरी पडली तर पुढाऱ्यांच्या सभांची वर्णने आधी कापावीत, कारण ती आपल्याच जुन्या अंकांत आहेत. कोणी घरखर्चाच्या वहीतले पान पाठवले, तर ते आकड्यांसह जसेच्या तसे छापावे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक