पडता संघ उभा करताना

ब्लूमिंग्टन, इंडियाना
फेब्रुवारी २०२६

ती. आबा,
सा. न. वि. वि.

इथल्या इंडियाना विद्यापीठाचा सारखा हरणारा फुटबॉल संघ दोन वर्षांत चॅम्पियन कसा झाला, असं तुम्ही विचारलंत. फोनवर ते सांगून संपलं नसतं, म्हणून लिहितोय. हा फुटबॉल आपल्या शाहू स्टेडियमवरचा नव्हे. हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात घेऊन खेळायचा.

२०२३ साली इंडियाना विद्यापीठाचा संघ १२ पैकी ९ सामने हरला. मग कर्ट सिग्नेटी प्रशिक्षक झाले. २०२४ ला ११ सामने जिंकले आणि पुढच्या मोसमात १६ पैकी १६. फायनलला मायामी २७-२१ ने हरली.

जो तो क्वार्टरबॅक मेंडोझाचं, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या पोराचं, कौतुक करतो. पोरगा आहेच तसा. पण खरी मेख त्याच्यापुढे उभ्या राहणाऱ्या पाच आडदांड गड्यांत आहे. एकेक १३५-१४० किलोचा. अठरा वर्षांच्या पोराच्या अंगावर तेवढं वजन, तेही ताकदीचं, चढायला दोन-तीन वर्षं जातात. शिवाय मेळ हवा. समोरचे दोघे मध्येच एकमेकांना कात्री मारून घुसतात. तेव्हा आपल्या दोघांनी त्याच क्षणाला गडी बदलून घ्यायचा असतो. सवय नसली की दोघंही एकाच्याच अंगावर जातात, दुसरा मोकळा सुटतो आणि तीन सेकंदांत क्वार्टरबॅक आडवा. शिव्या मात्र क्वार्टरबॅकला!

पूर्वी शाळेतली पोरं आणून घडवत. कान्सस स्टेटला बिल स्नायडर यांनी १९८९ मध्ये पहिल्या मोसमात एकच सामना जिंकला. १९९८ ला साखळीतले सगळे ११. आता एवढी कळ कोण काढतो? ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीमध्ये नाव घातलं की खेळाडू दुसऱ्या कॉलेजात जायला मोकळा. यंदा बहुतेकांना नाव घालायला २ ते १६ जानेवारी एवढीच मुदत होती. त्याच सुमारास १०५ जणांच्या संघातली भोकं बुजवायची. गेल्या वर्षापासून कॉलेज खेळाडूंना थेट पैसेही देतं. २०२५-२६ साठी सगळे खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा.

इथेच बरेच जण फसतात. नाव मोठं पण मैदानावर फारसं न उतरलेलं पोरगं महागात घेतात आणि लाइनला, म्हणजे त्या पाच गड्यांना, पैसे उरत नाहीत. सिग्नेटींनी जुन्या जेम्स मॅडिसन कॉलेजातून १३ खेळाडू आणि आपले मुख्य सहायक बरोबरच आणले. त्यांना खुणा, शब्द, सरावाची पद्धत आधीच पाठ. नवे आले ते त्यांचं बघून शिकले. पोर्टलमधूनही त्यांनी शक्यतो आधी भरपूर खेळलेलेच निवडले. पेठेतल्या संघाने बाहेरचा स्ट्रायकर आणला तरी मागची फळी एकमेकांना ओळखणारी लागते, तसंच हे.

नवा मोसम सप्टेंबरात. इथला दुपारी १२ चा सामना तुमच्याकडे रात्री साडेनऊला लागेल, नोव्हेंबरात साडेदहाला. बघाल तेव्हा चेंडूकडे नको, त्या पाच जणांच्या पायांकडे बघा. पहिल्याच धक्क्याला ते मागे रेटले जाऊ लागले, तर खुशाल झोपायला जा.

आईला नमस्कार.

तुमचा,
बाळू