निवड कोणाची, निस्तरायचे कोणी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातला मोबाईलवरचा लेख वाचला. दर कंपनीची प्रणाली वेगळी, म्हणून ग्राहकाला निवड, असे लेखकमहाशयांचे म्हणणे. त्यांच्या घरात बहुधा सगळ्यांकडे एकाच कंपनीचे फोन असावेत.

माझी आक्का साखळीला असते, वय ७४. चवथीला भाच्याने तिला नवा फोन दिला आणि रक्तदाबाच्या गोळीची आठवण करणारे अ‍ॅपही घालून दिले. चार दिवस ते वाजले, मग गप्प. आक्काही गप्प, कारण वाजले नाही म्हणजे गोळी घ्यायची नाही असा तिचा समज. तीन दिवसांनी उलगडा झाला, फोन बॅटरी वाचवत होता! गुगलच्या अँड्रॉइड प्रणालीत अ‍ॅप झोपवण्याची सोय २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून आहेच. वर प्रत्येक कंपनी आपले शहाणपण चढवते.

मी फोंड्याहून समजावायला बसलो. माझा फोन दुसऱ्या कंपनीचा. ‘सेटिंग्जमध्ये बॅटरी उघड, तिथे स्लीपिंग अ‍ॅप्स बघ.’ ‘हांगा तशें कांयच ना रे!’ फोन कानाला लावला की तिला पडदा दिसेना, पडदा बघितला की माझे ऐकू येईना. स्पीकरचे बटण शोधताना दोनदा फोन कट झाला. शेवटी बस धरून साखळी गाठली. ते बॅटरीत नव्हतेच, ‘ऑटोस्टार्ट’ नावाने भलत्याच कप्प्यात होते. एक खटका सरकवला, चहा घेतला, परत आलो. दिवस गेला.

वन यूआय, हायपरओएस, कलरओएस, फनटच! एकाच अँड्रॉइडवर आपापला मुलामा चढवून कंपन्यांनी ठेवलेली ही नावे. गुगलने २०१९ मध्ये दहाव्या आवृत्तीपासून अँड्रॉइडच्या आवृत्त्यांना गोडाधोडाची नावे देणे बंद केले, पण कंपन्यांची बारशाची हौस काही फिटत नाही.

आयफोनचे एकछत्री राज्य मला नको. त्या पैशांत आक्काच्या न्हाणीघराची कौले बदलून होतील. दहा कंपन्या असाव्यात, स्वस्त फोन मिळावेत, रंग हवे ते द्या. पण गोळीचा गजर वाजावा की नाही, यात निवड कसली? आणि ती आक्काला विचारली कोणी? गुगलने २०२३ मध्ये आपल्या पिक्सेल ८ फोनला आणि सॅमसंगने २०२४ मध्ये एस२४ फोनला सात वर्षे अपडेट देण्याचे वचन दिले, अभिनंदन. आक्काच्या फोनच्या खोक्यावर याबद्दल अवाक्षर नाही. दुकानदाराला विचारले तर म्हणाला, कॅमेरा बघा ना, किती मेगापिक्सेलचा आहे!

जाता जाता. तुमचे शब्दकोडे हल्ली बरोबर पानाच्या घडीवर येते. पेन टेकवले की कागद फाटतो, आणि चौदा आडवा तर गेले आठ दिवस वाचताच आलेला नाही. ही जागा कोणी निवडली?

आपला,
एक जुना वाचक, फोंडा