अडगावच्या रणभूमीची नोंद गावातच व्हावी

संपादक महोदय,

तेल्हारा तालुक्यात अडगाव आणि शिरसोली या गावांच्या शिवारात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसल्यांच्या फौजेची आर्थर वेलस्लीच्या इंग्रजी फौजेशी लढाई झाली. त्यानंतर १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा बहुतेक मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. आमच्या भागातील काही महाविद्यालयीन मुलामुलींनी गेल्या दिवाळीच्या सुटीत या रणभूमीची टिपणे घेण्याचे काम हाती घेतले असून, निवृत्त शिक्षक या नात्याने मीही त्यांच्यासोबत धुऱ्याधुऱ्याने फिरलो.

एका घरी नांगरटीत निघालेला संत्र्याएवढा लोखंडी गोळा कवाडाला टेकण म्हणून ठेवलेला होता. मुलींनी तो किराणा दुकानातील काट्यावर तोलला, त्याचा घेर सुतळीने मोजला आणि तो कोणत्या धुऱ्याजवळ, किती खोल सापडला हे आजीबाईंना विचारून वहीत लिहून घेतले. त्याच गल्लीतला दुसरा गोळा मात्र आदल्या उन्हाळ्यात भंगारवाल्याकडे गेला होता. विकण्याचे कारण केवळ चार पैसे नव्हते. ‘सरकारला कळले तर वावर जाईल’ ही धास्ती घरोघरी ऐकू आली. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांवरील किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, पण त्यापुढे काय होते हे शेतकऱ्याला कोणी समजावून सांगितलेले नाही. आम्ही ज्या कार्यालयात विचारायला गेलो, तिथे आम्हाला तीन टेबले फिरवून ‘अर्ज द्या’ एवढेच सांगण्यात आले.

इंग्रजांच्या तीन देशी पलटणी तोफांचा मारा सुरू होताच मागे पळाल्या होत्या आणि वेलस्लीने त्यांना स्वतः पुन्हा उभे केले, हे वाचून मुले चकित झाली. दोन्ही बाजूंनी आपलीच माणसे मरत होती, हे त्यांना तोवर कोणी सांगितले नव्हते (आम्हा शिक्षकांनीही नाही). इंग्रजी कागदपत्रांत त्यांच्या अधिकाऱ्यांची नावे सापडतात. भोसल्यांच्या साध्या शिपायांपैकी एकाचेही नाव मुलांना अजून मिळालेले नाही.

राज्य पुरातत्त्व विभागाने तूर निघाल्यानंतर या गावांत दोन दिवसांचे शिबिर घ्यावे, वस्तू मालकाच्या घरीच मोजून तिचे छायाचित्र घ्यावे आणि शेतावर कोणताही बोजा येणार नाही असे ग्रामसभेत लेखी सांगावे, ही विनंती. मुलांच्या वह्या तयार आहेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. तेल्हारा, जि. अकोला