रात्री साडेबाराला दार उघडणारा निवारा हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझा कोल्हापूरच्या सीबीएस म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडजवळ चहाचा गाडा आहे, पहाटे चारला लावतो, त्यामुळं शहर झोपलेलं असताना कोण कुठं झोपलंय ते मला रोज दिसतं. थंडी पडली की बेघरांचे फोटो पेपरात येतात, कोणतरी ब्लँकेट वाटतं, सेल्फी होतो आणि विषय संपतो.

गाड्याशेजारच्या दुकानाच्या पायरीवर एक आजी झोपतात. सगळा संसार एका खताच्या पोत्यात, तोंड सुतळीनं बांधलेलं आणि सुतळीचं दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. दुकान उघडायच्या आत पायरी झाडून निघून जातात, मालकाला पत्तासुद्धा लागत नाही. पूर्वी नदीकाठाला भाड्याच्या खोलीत राहायच्या, २०१९ च्या महापुरात खोली गेली, त्यातच कागदपत्रं गेली. मी म्हटलं आजी, निवाऱ्यात का जात नाही, तर एवढंच विचारलं, "पोतं आत घेत्यात का रं?" मी एके ठिकाणी फोन करून विचारलं, कुठं ते सांगत नाही, तर पलीकडून पहिला प्रश्न आला, आधार कार्ड आहे का? आता आधारच पुरात गेलंय म्हटल्यावर बोलणंच खुंटलं की!

आता जरा नियमाचं बोलतो. लाख लोकसंख्येमागं एक निवारा, तोही बारा महिने चोवीस तास उघडा, असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्येच सांगितलंय. केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानाच्या नियमातही लाखामागं किमान शंभर माणसांची सोय धरली होती, आणि नुसतं छप्पर नाही तर रेशन कार्ड, ओळखपत्र काढून द्यायला मदत करायची असंही होतं. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहर ५ लाख ४९ हजाराचं होतं, म्हणजे तेव्हाच्याच हिशेबानं पाच लागतात. पण माझं म्हणणं आकड्याचं नाही. कुठंतरी लांब कोपऱ्यात पाच इमारती बांधून कुलूप लावलं तरी कागदावर हिशेब जुळतोच.

सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या आवारात चंदगड, राधानगरीकडनं आलेले पेशंटचे नातेवाईक झोपतात, त्यांना आठ दिवसाची सोय आणि आंघोळीला पाणी पाहिजे. मार्केट यार्डातल्या हमालाला डुलकीपुरती जागा आणि सामान ठेवायला कपाट पाहिजे. डोक्यावर परिणाम झालेली माणसं वेगळी, अशा भटकणाऱ्या माणसाला दवाखान्यापर्यंत न्यायची जबाबदारी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं पोलिसांवर टाकलीय, पण मनोरुग्णालय रत्नागिरीला, तिथनं बरा होऊन परत आला तर उतरणार कुठं, याच स्टँडवर! आणि नवरा एकीकडं बायको दुसरीकडं असं केलं तर जोडपी येणारच नाहीत, फुटपाथवर निदान एकत्र तरी असतात.

मोजणी करायची तर दुपारी करू नका, दुपारी ही माणसं कामाला नाहीतर मागायला गेलेली असतात. रात्री साडेबारानंतर फिरा, सोबत एखादा रिक्षावाला, वॉचमन घ्या, आम्हा गाडेवाल्यांना विचारा, आम्हाला चेहरे माहिती आहेत. आणि त्याच वेळी निवाऱ्याचं दार उघडायला माणूस पाहिजे, कागद सकाळी बघू म्हणणारा.

शाहू महाराजांनी १९०१ ला मराठा बोर्डिंग काढलं, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, दसरा चौकाकडं गेलं की अजून बोर्डिंगं दिसतात. पोरं शिकायची तर आधी त्यांच्या राहण्याजेवणाची सोय बघायला पाहिजे हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी समजलं होतं. आपण आजींना आधी आधार कार्ड मागतोय.

महापालिकेनं थंडीच्या आत स्टँडच्या आसपास एक तरी खोली बघावी. पोतं ठेवायला लोखंडी कपाट आणि किल्ली त्यांच्याकडंच, एवढं झालं तर आजींना न्यायचं काम माझं.

आपला,
एक चहावाला, शाहूपुरी, कोल्हापूर