मनूच्या एमएबद्दल

कार्डिफ, 8 फेब्रुवारी 2026

ती. दादा आणि सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं छान. थंडी आहे, पण ती घराबाहेर. काळजी नको.

मनूच्या पत्रकारितेच्या एमएचं फोनवर धड बोलणं होत नाही, म्हणून लिहितेय. दादा, "त्यासाठी परदेशी कशाला, रानडे इन्स्टिट्यूट आहे की पुण्यात" हे तुझं म्हणणं मी खोडत नाही. पण इथे ब्रिटनमध्ये एमए एका वर्षात होते आणि चांगल्या ठिकाणी पहिल्या महिन्यापासून बातम्या करायला बाहेर पिटाळतात. फक्त कोर्सचं नाव नीट वाचा. न्यूज जर्नालिझम म्हणजे बातमी करणं, मीडिया स्टडीज म्हणजे बातमीवर निबंध लिहिणं. फी दोन्हीकडे लाखांतच. मनूला बातमीदार व्हायचंय, तर कोर्सला एनसीटीजे या पत्रकार-प्रशिक्षणाच्या संस्थेची मान्यता आहे का बघा, रेडिओ-टीव्हीसाठी बीजेटीसी या तशाच संस्थेची.

आता एक गंमत. मोबाइलच्या जमान्यात इथे वार्ताहराला शॉर्टहँड शिकवतात! हसू नका, कारण आहे. इंग्लंड-वेल्समध्ये परवानगीशिवाय कोर्टात रेकॉर्डिंग करता येत नाही, 1981 चा कायदाच आहे. मग साक्ष टिपायची ती हातानेच. त्यासाठी टीलाइन नावाची लिपी आहे, जेम्स हिल यांनी 1968 मध्ये काढलेली. मधले स्वर बहुतेक गाळायचे, हात उचलायचा नाही. आजोबांची मोडी डोळ्यांपुढे आणा. तीच आडवी रेघ ओळीच्या वर काढली तर टी, ओळीवर टेकवली तर डी. घाईत रेघ घसरली की शब्द बदलला. मिनिटाला 100 शब्दांपर्यंत गेलं की संपादक खूश. पोरं अडकतात ती 60 ते 80 मध्ये, आणि तिथे रोज तासभर हात चालवण्याला पर्याय नाही. मात्र मनू परत येणार असेल तर ही टीलाइन आणि इथला कोर्टाचा कायदा तिला तिकडे फारसा उपयोगी नाही. इंटरनॅशनल जर्नालिझम बघायला सांग.

"एकटी पोर, खर्च कसा भागवेल?" वहिनी, टर्ममध्ये आठवड्याला 20 तास काम करता येतं. फ्रीलान्सिंगला मात्र बंदी. पुरवणीत मानधन घेऊन लिहिते ना ती? इथे राहून तेही चालणार नाही, आधीच सांगून ठेवा.

दादा, बँकेचं तुझ्याकडे. व्हिसासाठी उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च सलग 28 दिवस खात्यात हवा. मध्ये एक दिवस जरी रक्कम खाली गेली तरी अर्ज फेटाळतात, त्यामुळे त्या महिन्यात विम्याचा हप्ता दुसऱ्या खात्यातून जाऊ दे. शेअर धरत नाहीत. खातं तुझ्या नावाचं चालेल, पण मनूचा जन्मदाखला आणि तुझं संमतीपत्र लागेल. दाखला मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. टीबीची तपासणीही ठरलेल्या दवाखान्यातच करायची.

आणि एक, रागावू नकोस. घरावर कर्ज काढू नका. "तिथे नोकरी लागेल, फिटेल" हा हिशेब जमत नाही. 1 जानेवारी 2027 पासून शिक्षणानंतरचा व्हिसा दोन वर्षांऐवजी 18 महिन्यांचा होतोय. पुढे वर्क व्हिसासाठी नव्या उमेदवारालाही वर्षाला किमान 33,400 पौंड पगार दाखवावा लागतो, आणि लहान गावच्या पेपरात नव्या वार्ताहराला तेवढा देत नाहीत. स्कॉलरशिप मिळाली तर या, नाहीतर वर्षभर तिकडे नोकरी करून या. मी तिला नाउमेद करत नाहीये.

वहिनी, साताऱ्याच्या स्थळाला एवढ्यात हो म्हणू नका. कोर्स वर्षाचाच आहे. मी "दोन वर्षांत येते" म्हणाले होते ते तुमच्या लक्षात असणार, पण मनू माझ्यासारखी नाही.

व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो, दीड वर्षाचे 1,164 पौंड. ते मी भरते. आईच्या वर्षश्राद्धाचं तिकीट काढलं नाही, ते पैसे आहेतच. नाही म्हणू नका.

तुमची,
सुमी