वास गेलेल्याला नुसतं 'येईल हळूहळू' म्हणू नका

मा. आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

विषाणूजन्य आजारातून उठलेला माणूस सांगतो, 'वास येत नाही, चव लागत नाही.' उत्तर मिळतं, 'येईल हळूहळू.' बहुतेकांना येतोही. पण ज्यांना महिनोन्‌महिने येत नाही, त्यांचं मन कसं आहे हे लिहायला केसपेपरवर रकाना नाही. तो हवा, म्हणून हे पत्र.

अशा रुग्णाची जीभ बहुतेकदा शाबूत असते. गोड, खारट, आंबट, कडू तिला कळतं, तिखटाची आगही जाणवते. बाकी ज्याला आपण चव म्हणतो, तो घशामागून नाकात चढणारा वास. तो गेला की घास पुठ्ठा चावल्यासारखा. मग कोणी मीठ-साखर वाढवत नेतो, कोणी ताटावरून उठतो. त्याहून अवघड गोष्टी तर बोलल्याच जात नाहीत. आपल्या अंगाला घामाचा वास मारतोय का, या धास्तीने दिवसातून तीनदा कपडे बदलणं. बाळाची टाळू हुंगावी आणि काहीच येऊ नये. घरचे म्हणतात, 'एवढंच ना, दिसतंय-ऐकू येतंय ना?' आणि माणूस गप्प होतो.

काही आठवड्यांनी-महिन्यांनी अनेकांना कॉफी, कांदा, लसूण, अंडं जळकं किंवा सडकं भासू लागतं. वासाच्या पेशी नव्याने उगवून मेंदूशी जोडल्या जाताना असं होऊ शकतं. आधी सांगितलं नसेल तर रुग्ण समजतो, आजार बळावला. इथेच माणसं खचतात.

उपाय स्वस्त आहे. 2009 मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे संशोधक थॉमस हुमेल यांनी वासाच्या सरावाची पद्धत मांडली: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. चार झाकणाच्या बाटल्या, प्रत्येकीत कापसावर तेलाचे काही थेंब. एकेक वास 10 ते 20 सेकंद, हलके हुंगत, तो वास मनात आठवत; मध्ये थोडी उसंत. सकाळ-संध्याकाळ, किमान 12 आठवडे. तेल नाकात घालायचं नाही. फसतं ते दोन ठिकाणी: पंधरवड्यात 'काही होत नाही' म्हणून सोडून देणं, आणि उडून गेलेलं तेल तसंच हुंगत राहणं. सगळ्यांना गुण येतो असं नाही, तेही पहिल्याच दिवशी सांगावं.

म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत एवढं पोचवा: चार बाटल्यांचा संच, एक छापील पान, आणि प्रत्येक भेटीत तीन प्रश्न. जेवण जातंय का? वजन किती बदललं? जगणं नकोसं वाटतं का? तिसऱ्याला 'हो' आलं तर त्याच दिवशी समुपदेशकाकडे चिठ्ठी. घरात गॅस असेल तर गळती सांगणारा अलार्म लावायला सांगा. गॅसला मुद्दाम दिलेला उग्र वास या रुग्णाला कळत नाही, आणि एकटा राहणाऱ्याला सांगायलाही कोणी नसतं.

कळावे,
वासाच्या विकारांवर उपचार व समुपदेशन करणारे